दंडावरची खूण आणि दंडाचा कायदा



कोरोनाची साथ ओसरून काही वर्षे झाली, पण त्या साथीने वस्तीत आणून सोडलेला एक प्रश्न अजून गेलेला नाही. लग्नाच्या मांडवात, कामगार नाक्यावर, विहारातील बैठकीनंतर चहा घेताना तो निघतोच. सरकारला आपल्या शरीरात बळजबरीने सुई टोचण्याचा अधिकार आहे काय? कोणी म्हणतो, शरीर माझे, निर्णय माझा. कोणी म्हणतो, साथ काय एकट्या-दुकट्याची असते? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली ती दोन डोस घेतलेल्यांनाच. ज्यांची चूल लोकलवर पेटते त्या घरांत तेव्हा हा वाद नुसता गप्पांचा राहिला नाही. आता तर काही आया-बाप लहान मुलांच्या नेहमीच्या लसीबद्दलही ‘सक्ती आहे का?’ असे विचारू लागले आहेत. प्रश्न विचारला म्हणून कोणाला हसू नये. प्रश्न विचारणे ही आपली परंपराच आहे. पण उत्तर शोधायचे तर नीट शोधले पाहिजे.

हा वाद आपल्यापासून सुरू झालेला नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील कामगारांनी याच प्रश्नावर मोर्चे काढले, घरातील सामानाची जप्ती सोसली, तुरुंग भोगले. त्यांचे कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे पाहिले तर आपल्यालाही वाट दिसेल. म्हणून या वेळी हा थोडा लांबचा इतिहास सांगत आहोत.

घरात पन्नाशी-साठी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांच्या दंडावर पाहा. चार आण्याच्या नाण्याएवढी एक खूण दिसेल. ती देवी टोचल्याची खूण. आपल्याकडे त्या रोगालाच देवी म्हणत. देवी आल्या की कडुनिंबाचा पाला, नैवेद्य आणि नवस. पटकी आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर न्यायचा, आणि तो ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी. १९५६ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्म दिला आणि ते जोखड उतरले. पण देवीचा रोग काही नवसाने हटत नव्हता. दहा जणांना झाला तर तीन जण जात. जे वाचत त्यांचे चेहरे वणांनी भरत, कित्येकांचे डोळे जात.

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरील गोस्तन देवीच्या फोडातील लस आठ वर्षांच्या एका मुलाला टोचली. हा मुलगा जेन्नरच्या बागेत काम करणाऱ्या माळ्याचा. पुढे त्याला खऱ्या देवीची लागण करून पाहिली, ती झाली नाही. जगातील लसीकरणाची सुरुवात इथून झाली. पहिला धोका गरिबाच्या पोराने पत्करला, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

इंग्लंडच्या सरकारने १८४० साली गरिबांसाठी लस मोफत केली. १८५३ साली कायदा केला की, मूल तीन महिन्यांचे होण्याच्या आत त्याला देवी टोचलीच पाहिजे, नाहीतर आई-बापांना दंड. १८६७ साली कायदा आणखी कडक झाला. चौदा वर्षांपर्यंतची मुले त्यात आली आणि एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला. १८७१ साली प्रत्येक भागात लसीकरण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. आता टाळाटाळ करायला जागा उरली नाही.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण तो कोणावर कसा लागू झाला, तिकडे पाहा. दंड होता वीस शिलिंगपर्यंत. त्या काळी इंग्लंडमधील शेतमजुराची आठवड्याची मजुरी होती साधारण दहा ते पंधरा शिलिंग. आमचा हात हिशेबाच्या वहीत बसलेला आहे, म्हणून हिशेबानेच सांगतो. श्रीमंताच्या दृष्टीने तो दंड एका मेजवानीच्या खर्चाइतकाही नव्हता. मजुराच्या घरी मात्र आठवड्याहून अधिक दिवसांची चूल विझत होती. दंड भरला नाही तर खुर्च्या, टेबल, बिछाना यांची जप्ती. जप्त करण्यासारखे काही नसेल तर तुरुंग. श्रीमंत आपल्या खाजगी डॉक्टरकडून मुलाला घरी टोचून घेई. गरिबाच्या मुलाला सरकारी केंद्रात रांगेत उभे करीत.

त्या रांगेत काय होई तेही समजून घ्या. तेव्हाची लस आजच्यासारखी बाटलीबंद नव्हती. एका मुलाला टोचले की आठव्या दिवशी त्याला परत आणायचे, त्याच्या दंडावर आलेल्या फोडातून लस काढायची आणि ती दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचायची. आईला हे सोसत नसे. पण १८७१ नंतर लस काढू द्यायला नकार दिला तरी दंड होता. शिवाय या पद्धतीत एका मुलाचा रोग दुसऱ्याच्या अंगात जाण्याची भीती होती. उपदंशासारखा भयंकर रोग अशा टोचणीतून पसरल्याची उदाहरणे त्या काळच्या डॉक्टरांनीच उघड केली. म्हणजे आयांची भीती सगळीच अडाणीपणाची नव्हती. दंडावरून दंडावर लस देण्याची ही पद्धत आपल्याकडेही आली. इथे तिला जातीचा रंग चढला. ‘खालच्या’ जातीच्या मुलाच्या अंगातील लस आमच्या मुलाला नको, म्हणून उच्चवर्णीय अडून बसत. लस काढण्यासाठी मात्र बहुधा गरिबांचीच मुले गोळा केली जात. सुई एकच, पण कोणाचा दंड वापरायचा हे समाजाच्या उतरंडीने ठरवले.

या सगळ्याविरुद्ध इंग्लंडमध्ये असंतोष पेटला. त्याचे केंद्र होते लेस्टर हे शहर. मोजे-बनियन विणणाऱ्या आणि बूट बनवणाऱ्या कामगारांचे हे गाव. १८८५ साली तिथे तीन हजारांच्या आसपास लोकांवर खटले लटकत होते. २३ मार्च १८८५ रोजी लेस्टरमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. गावोगावचे लोक निशाणे घेऊन आले. लहान मुलाची शवपेटी मिरवली गेली, जेन्नरचा पुतळा फासावर लटकवला गेला. त्या काळचे अंदाज ऐंशी हजार ते एक लाख लोकांचे आहेत. चळवळीत मध्यमवर्गीय पुढारीही होते, पण जप्ती आणि तुरुंग वाट्याला आले ते बहुतेक हातावर पोट असणाऱ्यांच्या.

लेस्टरच्या लोकांचे एक वैशिष्ट्य असे की, ते नुसते ‘नाही’ म्हणून थांबले नाहीत. १८७७ पासून त्या शहराने आपली एक पद्धत बसवली होती. देवीचा रुग्ण सापडला की लगेच नगरपालिकेला कळवायचे, रुग्णाला वेगळ्या रुग्णालयात न्यायचे, घर निर्जंतुक करायचे, घरातील इतरांना काही दिवस वेगळे ठेवायचे आणि त्या दिवसांत बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची. रोगाशी लढताना मजुराचा खाडा कोण भरून देणार, हा विचार त्या पद्धतीत होता. याच रीतीने रुग्ण शोधणे आणि त्याच्या संपर्कातील माणसे गाठणे हे तंत्र पुढे देवीच्या उच्चाटनात फार उपयोगी पडले. पण तिथे त्याला लसीची जोड होती, हेही सांगितले पाहिजे.

कारण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवली तर आम्ही वाचकांशी बेइमानी करू. ग्लॉस्टर नावाच्या दुसऱ्या एका इंग्रज शहरातही लसविरोधाचा जोर होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी कायद्याची अंमलबजावणी सोडून दिली होती. मुलांची मुले बिनटोचलेली राहिली. १८९५-९६ साली तिथे देवीची साथ आली. सुमारे दोन हजार लोकांना लागण झाली आणि ४३४ जण मेले. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. मग त्याच शहरात लस घ्यायला रांगा लागल्या. सक्तीविरुद्ध घोषणा देणारे आई-बाप होते, आणि थडग्यात गेली ती त्यांनी ज्यांच्यासाठी निर्णय घेतला ती बाळे. त्या बाळांना कोणी विचारले नव्हते.

सरकारने नेमलेल्या आयोगाने सात वर्षे चौकशी करून १८९६ साली अहवाल दिला. लस उपयोगी आहे, पण पुन्हा पुन्हा दंड करणे सोडा, असा त्याचा मथितार्थ. १८९८ साली नवा कायदा झाला. ज्या पालकाची सदसद्विवेकबुद्धी लसीला मान्यता देत नाही, त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तसे पटवून दिले तर सूट मिळू लागली. दंडावरून दंडावर टोचण्याची जुनी पद्धतही त्याच वेळी बंद झाली. पहिल्याच वर्षाअखेर सूट घेणाऱ्यांची प्रमाणपत्रे दोन लाखांवर गेली. पण दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहून त्याला पटवायचे म्हणजे पुन्हा शिकलेल्याचे फावले. १९०७ साली ती अट सैल करून नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरवले. शेवटी १९४६ च्या कायद्याने इंग्लंडमधील देवीच्या लसीची सक्ती पूर्ण उठवली. हा कायदा कोणता? राष्ट्रीय आरोग्य सेवेचा. म्हणजे ज्या कायद्याने गरीब-श्रीमंत सर्वांना मोफत दवाखाना दिला, त्याच कायद्याने सक्ती काढून घेतली. हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. सरकार दारी सेवा घेऊन येते तेव्हा त्याला काठीची गरज कमी पडते.

मग स्वातंत्र्याचे काय? इथे बाबासाहेबांकडे वळावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी बजावले होते की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. आणि ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. आता हीच तीन मापे इंग्लंडच्या भांडणाला लावून पाहा. कायद्याने समता सांभाळली नाही, कारण नियम सर्वांना पण मार गरिबालाच. म्हणून लेस्टरचा मोर्चा न्याय्य होता. आणि ग्लॉस्टरमध्ये बंधुता सुटली. माझ्या घरातला रोग शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत जातो, याचा विसर पडला. म्हणून तिथले स्वातंत्र्य मरण घेऊन आले.

सक्तीबाबत सावध का राहावे, याचे एक कारण अमेरिकेने दिले. १९०५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली. लस नाकारणाऱ्या धर्मोपदेशकाला पाच डॉलर दंड झाला होता, तो कायम राहिला. निकाल ठीक वाटतो. पण १९२७ साली त्याच न्यायालयाने त्याच निकालाचा आधार घेऊन एका गरीब तरुणीची सक्तीने नसबंदी करणेही वैध ठरवले. लसीसाठी उघडलेल्या दारातून कात्री आत शिरली. आपल्याला हे परके वाटायला नको. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. अशा मोहिमांत आकडा पुरा करायचा असला की आधी कोणाची वस्ती आठवते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

म्हणूनच संविधानाची चौकट मोलाची आहे. कलम २१ जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करते. कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, पण ते देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवते. ‘आरोग्य’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. आणि कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोना लसीच्या प्रकरणात याच चौकटीत निकाल दिला. खंडपीठात न्या. एल. नागेश्वर राव यांच्यासोबत होते आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई, ज्यांनी पुढे २०२५ साली सरन्यायाधीशपद भूषविले. न्यायालय म्हणाले की, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरील हक्क कलम २१ मध्ये येतो. मात्र लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी, प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. त्या वेळी संसर्ग कमी असल्याने लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणशीर वाटले नाहीत. लसीनंतर काही त्रास झाल्यास त्याची माहिती लोकांना खुली ठेवा, असेही सरकारला सांगितले. पण त्याच निकालाने लसीकरणाचे धोरण मनमानी नाही, हेही स्पष्ट केले. अर्धा निकाल सांगत फिरणाऱ्यांपासून सावध राहा.

आपल्या देशाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. १९७४ साली भारतात देवीचे एक लाख ८८ हजार रुग्ण झाले, ३१ हजारांवर माणसे मेली. पुढच्या वर्षी हा रोग देशातून संपला आणि १९८० साली साऱ्या जगातून संपल्याचे जाहीर झाले. केवढा मोठा विजय! पण शेवटच्या घाईत बिहारच्या आदिवासी भागात दारे मोडून, धरून ठेवून टोचल्याच्याही नोंदी आहेत. पोलिओची मोहीम दुसऱ्या रीतीने चालली. १९९५ पासून बूथ लागले. ज्या मोहल्ल्यांत लोक दारे लावून घेत, तिथे पोलीस पाठवण्याऐवजी त्याच मोहल्ल्यातील बाया, तिथले मौलवी, तिथले शिक्षक पुढे केले. एकेका घरी दहा-दहा वेळा गेले. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. पोलिओ आपल्या देशातून दंडाच्या धाकाने गेला नाही. आपल्या परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे त्या हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पटवण्याची खरी रीत ती.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. तपासा. अहिताचे असेल तर सोडा, हिताचे असेल तर आचरणात आणा. पण मोबाईलवर आलेला निरोपही ऐकीवच असतो, बंधूंनो! तो न तपासता पुढे ढकलणे म्हणजे चिकित्सा नव्हे. आणि तपासून हिताचे ठरले तर आचरणात आणणे, हा उपदेशाचा दुसरा भाग विसरून कसे चालेल? मळात पडलेल्या, कोणी न विचारलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुणारे आपले शास्ते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणारी आपली सावित्रीमाई. त्यांच्या लेकरांना ‘माझे शरीर, माझे काय ते मी पाहीन’ एवढेच बोलून थांबता येणार नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला आणि लहान मुले दगावली. बरीच मुले लसीवाचून राहिली होती. त्यांतल्या किती आया-बापांनी विचारपूर्वक नकार दिला असेल? कामावर खाडा नको, गावाला गेलो होतो, मागच्या वेळी ताप आला होता आणि कोणी समजावले नाही, अशीच कारणे आपल्या वस्त्यांत ऐकू येतात. त्याला स्वातंत्र्य म्हणायचे काय?

म्हणून आमचे सांगणे असे. बाळाचे लसीचे कार्ड शाळेच्या दाखल्याइतके जपा. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी केंद्रात मोफत मिळते. टोचण्याआधी नर्सताईंना विचारा, ही लस कशाची, काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर कोणाकडे जायचे. उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे. बाळाला आधी काही आजार असेल तर तो डॉक्टरांना सांगा. महिला मंडळांनी दर पौर्णिमेला वंदनेनंतर पंधरा मिनिटे कार्डे तपासावीत आणि राहिलेल्या बाळांच्या आयांसोबत एकीने केंद्रावर जावे. आणि आपल्या संघटनांनी मागणी लावून धरावी की, लसीकरणाची वेळ संध्याकाळी व रविवारीही असावी, त्या दिवसाचा पगार कापू नये आणि लसीमुळे कोणाला इजा झालीच तर भरपाई मिळावी. ब्रिटनने असा भरपाईचा कायदा १९७९ सालीच केला आहे. लेस्टरच्या बूट कामगारांना बुडालेली मजुरी दीडशे वर्षांपूर्वी मिळत होती, तर आपल्याला मागायला संकोच कशाला?

सरकारने दंडाची काठी उगारली तर आपण संविधान हातात घेऊन उभे राहूच. पण काठी खाली आहे म्हणून बाळाचा दंड लसीवाचून ठेवणे, हा कोणावरचाही विजय नाही.

जय भीम! जय भारत!